पाठमोरी

"कोन होय रे ही?" कमलाबाईंनी विचारलं.

प्रमोदचा चेहरा पडला. ऑफिसातून आल्यावर कितीतरी संध्याकाळी खपून त्यानं ही तसबीर केली होती. आईचा तरुणपणीचा फोटो, मावशीचा, बहिणीचा, सगळे कॉम्प्युटरला दिले आणि त्यातून आजीचा चेहरा काढला. जिचा जन्मात एकही फोटो निघाला नाही, ती आजी.

"तुझी आई आहे ही. बघ ना नीट."

कमलाबाईंनी चष्मा पुसून नीट बघितलं. गोल, उजळ, हसरी बाई. कानात कुड्या, गळ्यात चपलाहार.

"चांगली हाये बिचारी. एवढं सोनं कुठून आनलं तिनं?"

"ते कॉम्प्युटरनं घातलं, आई."

"त्याले म्हना, मेल्यावर काय घालतं? जितेपनी एखादा वाळा तरी घालाचा होता."

नात प्रियदर्शिनी फिसकन हसली. प्रमोद हसला नाही. थोड्या वेळात वंदनेला माणसं यायची होती. कमलाबाईंना आईच्या मरणाची तारीख ठाऊक नाही; मार्गशीर्षातली पौर्णिमा होती, एवढंच. म्हणून दर वर्षी त्या पौर्णिमेला परदेशातल्या या तोआ पायोह वस्तीतल्या फ्लॅटमध्ये खीर होते, मेणबत्त्या लागतात, त्रिसरण म्हटलं जातं. मेजावर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या शेजारी आजीची जागा रिकामी. ती प्रमोदला खुपायची. इंजिनिअर माणूस, अडचण दिसली की सोडवून मोकळा.

कमलाबाई गुडघ्यांवर हात देत उठल्या. आत जाऊन कपाटातून एक फोटो घेऊन आल्या. "हा लाव."

प्रियदर्शिनीनं तो लगेच ओळखला. सुट्टीत ती कमलाबाईंना जुन्या फोटोंच्या प्रदर्शनाला घेऊन गेली होती. कमलाबाई या एकाच फोटोपुढे उभ्या राहिल्या त्या हलेचनात, म्हणून तिथल्या दुकानातून तिनं तोच घेऊन दिला होता. शंभर वर्षांपूर्वीचा, कुठल्याशा दूरच्या डोंगरातला. जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची झाडं. काठ्यांनी फांद्या झोडपणारे पुरुष आता ओळीनं ताठ उभे, कॅमेऱ्याकडे डोळे लावून. तेव्हा जरा हललं की फोटो बिघडायचा. मालक असावा असा एक खुर्चीत. आणि पुढे, कॅमेऱ्याकडे पाठ करून, एक बाई वाकून जमिनीवरची फळं वेचते आहे. तिचा हात तेवढा पुसट आलाय.

"आई, अगं ही कुठली कोण! आपल्याकडे जैतून तरी होतं का? आणि हिचं तर तोंडही दिसत नाही."

"माह्या मायचं तरी कुठी दिसलं?"

कमलाबाई फोटो मांडीवर घेऊन खुर्चीत टेकल्या.

"ज्वारी कापून झाली का आमी सरवा वेचाले जात होतो. पडलेली कनसं. माय पुढं, मी टोपली घेऊन मागं. वाकली का दिवसभर वाकलेलीच. निघाचो तं अंधार, घरी याचो तं अंधार. दिव्यात तेल नसे. मी एवढीशी होती, अन् ती गेली." कमलाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "लाज वाटते सांगाले बाबू, मले तिचं तोंड आठवत नाही. पाठ आठवते. अशीच."

"पण आई, हिला निदान थांब म्हटलं असतं फोटोवाल्यानं..."

"बाकीच्याइले म्हटलं असंल. हिले कोन म्हनते?"

प्रमोदनं हातातली तसबीर पुन्हा बघितली. हसरी बाई त्याच्याकडे बघून हसत होती. "मग दोन्ही लावू," तो हळूच म्हणाला. "मी एवढी मेहनत केली गं."

"तू मायेनं केलं, मले का समजत नाही? पन हिचं तोंड लय साजरं हाये. दोन दिवस पाहिलं का हेच डोळ्यात बसंल. मंग माही माय कुठी जाईल रे?"

"जस्ट लेट हर लाह, पप्पा," प्रियदर्शिनी इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

प्रमोदनं आपली तसबीर फ्रेममधून काढली आणि कपड्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. रिकाम्या फ्रेममध्ये ती पाठमोरी बाई बसवली. मेजावर ठेवताना त्यानं विचारलं, "मग कधीच मागं वळून बघायची नाही ती? तुला?"

"येळ कुठी होता? हाक मारे फक्त. 'कमळे, हायेस का गं?' मी म्हनो, 'मागंच हाये, माय.' मंग चाले पुढं."

माणसं आली. शेजारच्या बिशान वस्तीतल्या सुरेखाताई फोटोपुढे जरा घुटमळल्या, प्रमोदकडे बघितलं आणि फूल वाहून बसल्या. मेणबत्त्या लागल्या. त्रिसरण झालं, पंचशील झालं. मग दिवंगत आजीसाठी सगळे डोळे मिटून गप्प बसले. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांतला भांड्यांचा आवाज तेवढा वर येत होता.

कमलाबाई मात्र डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या. त्यांना आता खाली बसलं की उठवत नसे, म्हणून खुर्ची नेमकी फोटोसमोर, त्या बाईच्या पाठीशी आली होती. मेणबत्तीची ज्योत हलली. कुणी हाक मारावी तशी त्यांनी मान वर केली.

"हौ माय," त्या म्हणाल्या. "मागंच हाये मी."