भिंतीतला देव

“शी! बघवत नाही बाई,” म्हणत जानकीने पदर नाकाला लावला. दशरथ गवंड्याने मोरीची फरशी उचलली, तशी खालची झुरळं तिच्या पायांवरून पळाली.

भांडुपच्या जुन्या इमारतीतली ही जागा अंधारी, भिंतींवर बोटभर तेलकट काजळी. पण तिच्या नवऱ्याच्या, धोंडूच्या छातीत गिरणीचा कापूस बसलेला. डॉक्टर म्हणाले होते, “कोरड्या, स्वच्छ जागेत ठेवा, नाहीतर...”

म्हणून ती स्वतःच पत्र्याने भिंती खरवडत होती. त्या वासाने चार दिवस तिला घास उतरला नव्हता. दशरथने तंबाखू मळून चुन्याचं बोट नव्या रंगाला पुसलं, तशी ती कडाडली.

“मेल्या, घरीही असंच करतोस?”

“सवय हो, वैनी. पुसतो ना!”

मागच्या खोलीत, जमिनीवर खाटेच्या पायांचे खळगे पडले होते तिथे, भिंतीच्या काजळीखालून मूठभर लाल उंचवटा निघाला. दशरथने थापी उचलली.

“हात लावू नकोस! शेंदराची पुटं दिसत नाहीत? देव आहे तो.”

“देव? एवढा खाली?”

“घाणीत ठेवला, म्हणून तर घराची ही दशा.”

भिंती पांढऱ्या झाल्या. देवाला कोनाडा झाला. जानकीने अकरा मंगळवार धरले. रोज देवाच्या अंगाची चिमूट खरवडून पाण्यात कालवायची, धोंडूला तीर्थ द्यायची, उरलेलं स्वतः घ्यायची. खोकला उतरतोय, असं ती सगळ्यांना सांगायची.

अकराव्या मंगळवारी उद्यापन. देवाचं नाव तरी कळावं, म्हणून तिने आधीच्या बिऱ्हाडातल्या कृष्णाबाईंना मुलुंडहून बोलावलं.

कृष्णाबाई कोनाड्यापुढे थबकल्या. झेंडूचा हार, निरांजन, तीर्थाची वाटी. सगळं पाहिलं नि तोंडावर पदर दाबला.

“अगो, देव कसला? इथे आमच्या मामंजींची खाट होती. बारा वर्षं अंथरुणात. पान लावलं की उरलेला चुना इथे पुसायचे, पिंकही इथेच. आणि शेवटी क्षय झाला, तेव्हा तर नुसतं रक्त.”

पुढच्या खोलीत धोंडू खोकला.

“जानके, आटप गं. तीर्थ आण.”