मास्तरांच्या डाव्या अंगाला

अर्धा खेळ झाला तेव्हा अमरावतीचं कॉलेज अकोल्याच्या चार गुण पुढं होतं. तरी वकील रामरावांचं लक्ष खेळात नव्हतं. ते क्रीडा समितीचे चिटणीस. मास्तरांजवळ येऊन हळूच म्हणाले, की सामना संपला की तुमचा सत्कार, आणि लगेच नव्या मास्तरांचं नाव जाहीर करायचं. नागपूरचे केशवराव. मद्रासला शिकून आलेत, शिफारसही वरून आहे.

मास्तर म्हणजे खुशालराव, कॉलेजचे खेळाचे शिक्षक. इथल्या काळ्या मातीत मुरूम टाकून, धुम्मस करून बास्केटबॉलचं मैदान त्यांनीच उभं केलं होतं. लढाईच्या दिवसांत चेंडू मिळेना, तेव्हा मोच्याकडून चामडं शिवून घेतलं, पण खेळ बंद पडू दिला नाही. आज त्यांचा शेवटचा सामना होता, आणि आपल्यामागं जागा भगवंतालाच मिळणार असं ते धरून चालले होते.

"मंग भगवंत?" त्यांनी विचारलं.

भगवंत तेव्हा पोरांना संत्री सोलून देत होता. मोर्शी रस्त्यावरच्या माळ्याचा मुलगा, मास्तरांच्याच हाताखाली खेळलेला. सकाळी मळ्यातली वांगी बाजारात घालायची आणि दुपार कलली की मास्तरांचा मदतनीस म्हणून मैदानावर हजर. ही जागा आपल्याला मिळावी असं त्याला मनापासून वाटायचं. बायकोखेरीज कोणाजवळ बोलला नव्हता, इतकंच.

रामराव म्हणाले, माणूस सज्जन आहे, प्रश्नच नाही. पण ऐन सामन्यात तुमच्या डाव्या अंगाला उभा राहतो आणि उपरण्याआड ओठ हलवत बसतो. पोरं त्याला बुवा म्हणतात. आता तर गळ्यात तुळशीची माळही आली. "तिकडं चेंडू कडीत चाललाय आणि इकडं हा जप करतोय. अशा माणसाच्या हाती टीम कशी द्यायची, तुम्हीच सांगा."

"माळ?" मास्तर म्हणाले.

रामराव हसले. रोज शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यातली माळ दिसू नये, म्हणजे मास्तर थट्टाच करत असणार.

मास्तर थट्टा करत नव्हते. दोन वर्षांपूर्वीच त्यांचे डोळे गेले होते. काचबिंदू. उजेड आणि सावली एवढंच उरलेलं. हे घरात मैनाबाईंना ठाऊक होतं आणि बाहेर फक्त भगवंताला. मास्तर तेव्हाच घरी बसायला निघाले होते, यानंच अडवलं. तुमी फकत उभे राहा, म्हणाला, मी हाव ना बाजूले. तेव्हापासून चेंडू कोणाकडं, मोकळा कोण, दमला कोण, पाय कोणाचा दुखतोय, सगळं तो मास्तरांच्या कानाशी पुटपुटायचा. मास्तर ऐकायचे आणि हाक द्यायचे. बघणारे म्हणायचे, म्हाताऱ्याची नजर काय जबर आहे! मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे, तर लोकांनी गुडघे गेले असं ठरवून टाकलं. गाव एकदा ठरवायला बसलं की काय नाही ठरवत.

"भगवंता, इकडं ये," मास्तर म्हणाले.

तो आला. मास्तरांनी हात पुढं केला, चाचपडत त्याच्या गळ्यापर्यंत नेला. मणी बोटांना लागले.

"हे कधी घातली?"

भगवंत रामरावांकडं बघून घुटमळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "झालं साल-दीड साल. लोक इच्यारून राहिले होते, हा काय पुटपुटते म्हून. माळ घातली, मंग कोनी इच्यारलं नाई."

"अन् मटन?"

"सोडलं."

पंगतीत रश्शासाठी तिसऱ्यांदा वाटी पुढं करणारा माणूस होता हा. मास्तरांना ते आठवलं. माळेवरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही. भगवंताच्या मनात आलं, की आता वकिलांना सगळं कळणार आणि शेवटच्या दिवशी मास्तरांची शोभा होणार. आपली जागा गेली तरी चालेल, पण हे नको. तो घाईनं काही सांगायला लागला, तर मास्तरांनी त्याला थांबवलं.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "तुमचं तोंड मले दिसत नाई. दोन सालं झाले, चेंडूही दिसत नाई. हा देवाचं नाव घेऊन नाई राहिला. माह्यासाठी पाहून राहिला. मी घरी बसून सडलो असतो. यानं मले दोन सालं माहा खेळ देल्ला. याचे उपकार फेडाले माह्याजवळ काही नाई. आता टीम कोन चालवून राहिलं, थे तुमीच सांगा."

रामरावांनी पहिल्यांदाच मास्तरांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. मग म्हणाले, की आज कोणाचं नाव जाहीर करत नाही, समितीशी मी बोलतो. खुर्चीकडं मात्र ते परत गेले नाहीत, तिथंच उभे राहिले.

शिट्टी झाली. पोरं मैदानात उतरली. भगवंतानं सवयीनं उपरणं तोंडाशी नेलं, तसं मास्तरांनी ते खाली ओढलं.

"आता मोठ्यानं."

अकोल्याचा एक गडी सरकला आणि डावीकडं वाट मोकळी झाली. भगवंतानं हाक दिली. आवाज फाटला, पण मैदानभर गेला. कप्तान सहदेव चेंडू हातात धरून चमकून थांबला आणि मास्तरांकडं पाहायला लागला.

चेंडूचे टप्पे थांबलेले ऐकून मास्तरांनी आपल्या डाव्या अंगाला बोट दाखवलं.