पेटीतले कानमंत्री

कोड्यांच्या खेळाच्या नियमाप्रमाणे निरंजन आणि केतकीनं कानातली, काय बोलायचं-करायचं ते सुचवणारी इवलीशी यंत्रं, म्हणजे कानमंत्री, काढून टेबलावरच्या पेटीत ठेवली आणि झाकण खटकन बंद झालं. आता कोडी सोडवल्याशिवाय ते परत मिळणार नव्हते. निरंजनला आधी मजा वाटली. पण पेटीच्या चावीला बांधलेल्या सुतळीच्या गाठी सोडवता सोडवता त्याची नखं दुखायला लागली, आणि ती पितळी चावी कुलपात कुठल्या बाजूला फिरवायची, हे कानात सांगायला कुणीच नव्हतं.

"अरे, उलटी फिरवतोयस! दे इकडे!" केतकी खेकसली.

तो चपापला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचा हा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. कडू शब्द ओठांवर येण्याआधीच कानमंत्री गोड वाक्य सुचवायचा.

"तुला तरी कुठे जमतंय?" तोही तडकला.

"मला नागपूरला यायचंच नव्हतं, निरंजन! तुझी बदली झाली तेव्हा 'छानच झालं' म्हटलं, ते वाक्य माझं नव्हतं!"

"मग आत्ता सांगतेस?" त्यानं चिडून चावीला हिसडा दिला आणि झाकण उघडलं.

आत दोन्ही कानमंत्री लुकलुकत होते. सवयीनं त्याचा हात पुढे गेला. केतकीनं झाकण धाडकन आपटलं.

"थांब," ती म्हणाली. "आधी भांडण पुरं होऊ दे."