देवानं न बघितलेल्या गोळ्या

तलासरीजवळच्या पाड्यावर बायजी म्हातारीचं ब्लडप्रेशर दोन महिने उतरत नव्हतं. नर्स दक्षानं दिलेल्या गोळ्या तशाच पडून होत्या. "आजी, लकवा मारला तर?" दक्षा वैतागली. "आमी नवा भातसुद्धा देवाला दाखवल्याबिगर खात नाय," बायजी म्हणाली. "ह्या गोळ्या तर त्यानं कधी बघितल्याच नाय." "मग दाखवायच्या ना." "आणल्यास तू. दाखवायच्या पण तूच." दक्षा चपला काढून पहिल्यांदाच घराच्या आत गेली. घरचे देव ठेवलेल्या टोपलीतल्या तांदळांवर तिनं एक गोळी ठेवली, हात जोडले. बायजीनं ती पाण्यासोबत गिळली. त्यानंतर वर्षभर तिनं एकही दिवस चुकवला नाही. मग दक्षाची बदली झाली. निरोपाला ती नव्या नर्सला, शितलला, घेऊन आली. शितलनं पिशवीतून ब्लडप्रेशरचा पट्टा काढताच बायजीनं हात मागे घेतला. "हिला आणलंस तू," ती दक्षाला म्हणाली. "आधी देवाला दाखव."