टाचलेले शब्द

"हे काय लावलंस मला?"

सासऱ्यांनी मान वळवून स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. सदऱ्याला टाचणीने कापडी चिठ्ठी लावली होती. त्यांच्याच लाँड्रीतली. गिऱ्हाइकाच्या कपड्यांना खुणेसाठी लावतात तसली.

"ऑब्स्टिनेट, बाबा," सून म्हणाली. "हट्टी."

"म्हणजे तुम्ही," तिच्या नवऱ्याने इस्त्रीवरून मान न उचलता खुलासा केला.

तिची पद्धतच तशी होती. इंग्रजीतले अवघड शब्द काही केल्या डोक्यात राहत नव्हते. मग तिने एकेक शब्द चिठ्ठीवर लिहून घरच्या माणसांना टाचायला सुरुवात केली. माणूस दिसला की अर्थ आठवायचा.

गॅर्युलस. बडबड्या. नवरा.

फ्रुगल. काटकसरी. सासूबाई. (त्यांनी चिठ्ठी परत केली. टाचणी ठेवून घेतली.)

टॅसिटर्न. अबोल. पुन्हा सासरेच.

परीक्षा उद्यावर आली होती. पास झाली तर वर्षभर परगावी शिक्षण, नंतर चांगली नोकरी. पण तेवढं वर्ष दुकानातली तिची इस्त्री कोण धरणार? कंबर गेल्यापासून सासरे नुसत्या घड्या घालत. तिने त्यांना विचारून पाहिलं होतं. ते हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. घड्या घालत राहिले. आणि त्यांचं मन मोडून ती जाणार नव्हती.

शेवटी एक चिठ्ठी उरली.

"मॅग्नॅनिमस," तिने वाचलं. "मोठ्या मनाचा. स्वतः सोसून दुसऱ्याचं भलं करणारा."

"हा माल आपल्याकडे नाही," नवरा म्हणाला. "शेजारून उसना आणू."

सासूबाई खुदकन हसल्या. सून हसली नाही. तिने चिठ्ठी बाजूला सारली.

"राहू दे. एक शब्द गेला तर गेला."

"गेला कसा?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. सासऱ्यांनी घडी अर्धवट सोडली होती. त्यांनी हात पुढे केला. चिठ्ठी घेतली, उलटी धरली. सुनेने ती सुलटी करून दिली. मग टाचणी दिली.

त्यांनी ती स्वतःच्या खिशावर टाचली. नीट, सरळ. टेबलाला वळसा घालून ते सुनेच्या जागेवर आले, कमरेवर एक हात ठेवून उभे राहिले आणि दुसऱ्याने तिची इस्त्री उचलली.

"वर्षभर ही माझ्याकडे," ते म्हणाले. "आता राहील ना लक्षात?"