दोघींपुरती चटई

"गुडघ्याच्या वाटीखाली कुणीतरी नारळ खवतंय," फुआतिनो शेजारच्या वाओसाच्या कानाशी पुटपुटली.

"हळू बोल. म्हातारी ऐकेल."

म्हातारी म्हणजे पालेपा, गावप्रमुखाची आई. ऐंशी उलटलेली, तरी समोरच्या खांबाला पाठ लावून ताठ मांडी घालून बसलेली. तिच्या नजरेखाली सात बायका सकाळपासून केवड्याच्या पट्ट्या विणत होत्या. पाय पसरायचेच तर वर चटई पांघरायची. उघडी पावलं कुणासमोर करायची नाहीत, एवढीच रीत. पण पालेपानं ती सूट जन्मात घेतली नव्हती. मग बाकीच्यांची काय बिशाद!

चटई फुआतिनोच्या लेकीच्या लग्नाची होती. जिच्या घरचं कार्य, तिनं शेवटच्या ओळीपर्यंत बसायचं, हा या विणायच्या घराचा नेम. अजून हातभर वीण बाकी होती, आणि फुआतिनोला कालपासून घराच्या तीन पायऱ्यासुद्धा खांबाला धरून उतराव्या लागत होत्या.

एसेता आली, ती चपला बाहेर काढून, कमरेत वाकून, आणि मुकाट मांडी घालून बसली. याच गावची पोर. आता बंदराजवळच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. तिनं फुआतिनोचा गुडघा दोन बोटांनी चाचपला, वाटी जराशी आत ओढून धरली आणि वर चिकटपट्टी लावली.

"मावशी, सांगितलेला व्यायाम केलास?"

"केला की."

"कधी?"

"मनातल्या मनात."

बायका खुदखुदल्या. एसेता हसली नाही.

"तासन् तास गुडघा दुमडून बसलीस की वाटी मागच्या हाडावर दाबून धरली जाते. दर वीस मिनिटांनी पाय सरळ कर. खाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा तिच्यावर दाबायचा, मांडी आवळायची, दहा मोजायचे. चल, कर."

"इथं?"

"मग काय चर्चमध्ये?"

कुणाचे हात थांबले नाहीत, पण पट्ट्यांची सळसळ मंदावली.

"आमच्या वेळी," पालेपा मान वर न करता म्हणाली, "गुडघे सांगितलेलं ऐकायचे."

फुआतिनोनं उरलेल्या हातभर विणीकडे बघितलं. मग बाजूची एक लहानशी चटई ओढून मांडीवर घेतली आणि हळूच पाय पसरले. एसेतानं दहापर्यंत मोजलं.

"आता कसं वाटतंय?"

"खवणी जरा बोथट झाली म्हणायची."

बाहेरून भाजलेल्या नीरफणसाचा वास आला, जेवायची हाक आली. बायका गुडघ्यांवर हात टेकत, तोंडानं हूं की चूं न करता उठल्या.

"तुम्ही व्हा पुढं," पालेपा म्हणाली. "मी एवढी ओळ संपवते."

चार महिने ती रोज हेच म्हणत होती. बायकाही रोज "काय बाई हा उरक!" म्हणत निघून जात आणि तिचं पान तिथंच आणून देत. संध्याकाळी सगळ्या पांगल्या की मगच तिची सून न्यायला येई.

आजही वाओसा "काय बाई हा..." इथवर आली होती. पालेपा टॉवेलच्या गुंडाळीकडे बघत होती.

"ही चटई आखूड आहे," ती फुआतिनोला म्हणाली.

फुआतिनोनं घाईघाईनं पाय आवरायला घेतले.

"राहू देत. मोठी आणा. दोघींना पुरेल अशी."

कुणी जागचं हललं नाही.

"अगं, बघताय काय? मला उठता येत नाही. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे."