पुढचा स्वर

पेशवाईतली गोष्ट. पुण्यात मुठेकाठच्या शिवमंदिरात यज्ञेश्वरबुवा रोज पहाटे भैरव गात. तो गंभीर राग ऐकताना भल्याभल्यांच्या अंगावर काटा येई.

त्या पहाटे बुवांनी षड्ज लावला आणि गाभाऱ्यातून पुढचा स्वर, कोमल ऋषभ, आला. बुवा तोच लावणार होते. आवाजही हुबेहूब त्यांचाच होता.

शेजारी तंबोऱ्यावर बसलेल्या धाकट्या भावाला त्यांनी हळूच विचारलं, "माधवा, आत कोण गातंय?"

"दादा, आत पिंडीशिवाय कोणी नाही. गाताय ते तुम्हीच."

बुवांनी मुद्दाम तान बदलली. आतल्या आवाजानं ती आधीच बदललेली होती.

बुवांना थांबावंसं वाटलं, पण गळा थांबेना. आतला आवाज पुढे आणि ते मागे, असे दोघं धैवताकडे चढू लागले.

धैवतावर पोचताच गाभाऱ्यातला आवाज घोगरा झाला, गुदमरला. "माधवा!" अशी एक आर्त हाक आली आणि आत सगळं शांत झालं.

माधव डोळे मिटून तंबोरा छेडत होता. त्याला आतलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

बुवांचा स्वर पंचम ओलांडून धैवताकडे निघाला होता.